दैवाला बोल कशाला?

घरात कर्करोगाचे निदान झाले की पहिला प्रश्न उमटतो तो 'हे आमच्याच वाट्याला का?' हा. दुःखाच्या त्या घटकेला तो स्वाभाविक आहे आणि त्यावर कोणी युक्तिवाद करू नये. परंतु एखाद्या कुटुंबाला जे क्षम्य, ते सबंध समाजाला क्षम्य मानता येत नाही. समाजानेही कपाळाला हात लावून दैवगती म्हणावे, रोगाचे नावसुद्धा दबक्या आवाजात घ्यावे आणि पुढच्या निदानाची वाट पाहत बसावे, हे आम्हांला मान्य नाही. या रोगाच्या सर्व नव्हेत, तरी कितीतरी वाटा आज ठाऊक झाल्या आहेत. आणि त्यांतली आपल्याकडची सर्वांत वर्दळीची वाट ज्यांनी आकड्यांनिशी दाखवून दिली, ती माणसे याच मुंबई शहरात, परळला बसून काम करीत होती.

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथे विकृतिशास्त्राचा पाया घालणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी रोग्यांच्या गाठी तपासता तपासता त्यांच्या राहणीकडेही पाहिले. कमरेला वर्षानुवर्षे घट्ट बांधलेल्या धोतराच्या काचाने त्वचेला होणारा कर्करोग त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ साली शास्त्रीय जगापुढे मांडला. पुढे १९५५ साली संघवी, राव व खानोलकर या तिघांचा निबंध 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी काय संबंध आहे, हा त्याचा विषय. इंग्लंडात डॉल व हिल यांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते दाखविले ते १९५० साली; अमेरिकी सरकारचा धूम्रपानावरील गाजलेला अहवाल आला तो १९६४ साली. म्हणजे या बाबतीत मुंबई जगाच्या मागे नव्हती. १९६३ साली याच शहरात देशातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणीही सुरू झाली. ज्ञान घरचे होते, आकडे घरचे होते. त्यांचे आपण केले काय, हा खरा प्रश्न आहे.

उत्तर सुखावह नाही. जागतिक पातळीवरील २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १४ लाख नव्या रोग्यांची भर पडली आणि ९ लाखांवर माणसे या रोगाने दगावली. पुरुषांमध्ये पहिला क्रमांक ओठ व तोंड यांच्या कर्करोगाचा. स्त्रियांमध्ये स्तनाचा पहिला व गर्भाशयमुखाचा दुसरा. ज्या रोगाचे प्रमुख कारण सत्तर वर्षांपूर्वी छापून आले, तोच आज पुरुषवर्गात अग्रभागी असावा, याला दैवाचा खेळ म्हणणे म्हणजे दैवावर अन्याय करणे होय!

कारण या शब्दाविषयी मात्र थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्या शरीरातील पेशी सतत विभागत असतात, आणि त्या विभागणीला लगाम घालणाऱ्या जनुकांत बिघाड साचत गेला की एखादी पेशी बेबंद वाढू लागते. हा बिघाड एका दिवसाचा नसतो; तो दहा, वीस, तीस वर्षे साचत राहतो. म्हणूनच वय वाढेल तसा धोका वाढतो. 'आमचे आजोबा नव्वद वर्षे तंबाखू खात होते, त्यांना काही झाले नाही' हा युक्तिवाद प्रत्येक चावडीवर व प्रत्येक कचेरीत ऐकू येतो. आजोबा वाचले याचा आनंद आहे. पण रेल्वेचे रूळ ओलांडणारे बहुतेक लोक वाचतात म्हणून रूळ ओलांडणे निर्धोक ठरत नाही. धोका म्हणजे खात्री नव्हे. पण हजारो माणसांचा हिशेब मांडला की त्याचे माप स्पष्ट दिसते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर हे माप प्रथम तंबाखूला लावले पाहिजे. प्रौढांच्या तंबाखूसेवनाची २०१६-१७ साली जी राष्ट्रीय पाहणी झाली, तिच्यात आपल्या राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ अवघे ३.८ टक्के आढळले. परंतु तंबाखू चघळणारे, दाताला लावणारे वा नाकाने ओढणारे २४.४ टक्के निघाले. सिगारेट सुटल्याच्या आनंदात आपण चुन्याची डबी विसरलो! खेड्यापाड्यांत व चाळीचाळींत असंख्य स्त्रिया सकाळी जी मिश्री दाताला लावतात ती भाजलेली तंबाखूच असते, आणि तिला व्यसन म्हणण्याची तर प्रथाच नाही. विदर्भात सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा पोरासोरांच्या गालात असतो. तंबाखू वाळविताना व मुरविताना नायट्रोसामाइन नावाची घातक द्रव्ये तयार होतात. घास गालाच्या ज्या कोपऱ्यात तासन्‌तास दडविला जातो, पुष्कळदा तेथेच पुढे गाठ उठते.

सुपारीही निरुपद्रवी नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगजनक ठरविले आहे. तिच्या सवयीने गालाची आतली त्वचा ताठर होत जाते, तोंड उघडेनासे होते, आणि अशा तोंडात पुढे कर्करोगाचा संभव वाढतो. पाहुण्यापुढे पानाचे तबक ठेवणाऱ्या आपल्या सुसंस्कृत घरांना ही गोष्ट कडू वाटेल. पण ती सांगणे भाग आहे.

मध्यमवर्गाने एवढ्यावरून स्वतःला निर्दोष समजू नये. मद्य कर्करोगकारक असल्याचा निर्णय त्याच संस्थेने १९८८ साली दिला, आणि तंबाखू व मद्य एकत्र आली की तोंड व घसा यांचा धोका नुसता मिळविला जात नाही, गुणिला जातो. लठ्ठपणा आणि बैठे जीवन यांचा संबंध स्तनाच्या, मोठ्या आतड्याच्या व इतर काही कर्करोगांशी सिद्ध झाला आहे. शहराची दूषित हवा २०१३ साली त्याच यादीत दाखल झाली. यकृताच्या कर्करोगामागे काविळीचे काही विषाणू असतात. स्तनाच्या कर्करोगाचा धोका उशिरा होणारे पहिले बाळंतपण आणि कमी अपत्ये यांमुळे काहीसा वाढतो हेही खरे. मात्र त्यावरून मुलींच्या शिक्षणाला व नोकरीला बोल लावणाऱ्याने शास्त्राचा आधार घेऊ नये. त्यातून निघणारा निष्कर्ष एवढाच, की शहरातील स्त्रियांची तपासणी अधिक दक्षतेने झाली पाहिजे.

तपासणीने काय साधते, याचा पुरावाही महाराष्ट्रानेच जगाला दिला आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये एक प्रदीर्घ प्रयोग केला. थोड्याशा प्रशिक्षणाने तयार केलेल्या आरोग्यसेविका गर्भाशयमुखाला पातळ ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल, लावून डोळ्यांनी तपासणी करीत. ज्या वस्त्यांत ही तपासणी झाली तेथे या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ साली जाहीर झाले. त्याच सेविकांनी हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे पन्नाशीपुढच्या स्त्रियांतील स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत एक लाख तीस हजारांवर स्त्रियांचा असाच अभ्यास झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या मानवी पॅपिलोमा विषाणूची एकच चाचणी केल्याने त्या रोगाचे मृत्यू निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ साली दिसले. या विषाणूचा शोध लावणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्यावरील एक लस आता पुण्यात बनते. नऊ ते चौदा वर्षांच्या वयात ती देणे सर्वांत फलदायी असते. ती मुलीला मिळावी की नाही, हे बापाच्या ऐपतीवर कदापि अवलंबून राहता कामा नये.

आता सरकारविषयी. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली व पुढे ती वर्षानुवर्षे वाढविली, याचे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु बंदी येताच व्यापाऱ्यांनी पानमसाला एका पुडीत व तंबाखू दुसऱ्या पुडीत घालून दोन्ही शेजारी शेजारी टांगल्या. गिऱ्हाईक त्या तळहातावर एकत्र करू लागले. तंबाखूची जाहिरात कायद्याने बंद, म्हणून तेच नाव वेलचीच्या पुडीवर छापून नामांकित नटांकरवी मिरविले जाते. कायद्याला असे उघड वाकुल्या दाखविल्या जात असता पानपट्टीवाल्याला चार पुड्यांसाठी पकडून छायाचित्र काढण्यात पुरुषार्थ नाही. माल कोठे बनतो, कोणत्या गाड्यांतून राज्याच्या सीमा ओलांडतो आणि कोणाच्या गोदामात उतरतो, तेथे हात घातला पाहिजे. तंबाखूपासून मिळणाऱ्या महसुलाचा हिशेब सांगणाऱ्यांनी त्याच पानावर शस्त्रक्रियांचा, बुडालेल्या रोजगाराचा व विकलेल्या जमिनींचाही हिशेब मांडावा.

येथे एक सावधगिरीचा शब्द आवश्यक आहे. कारणे ठाऊक झाली म्हणून रोग्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही. शेकडा पाच ते दहा कर्करोगांत आनुवंशिक दोषाचा वाटा असतो. बालकांना होणाऱ्या कर्करोगांत बहुधा कोणाचीच चूक नसते. आणि पुष्कळ रोग्यांच्या बाबतीत वाढते वय व निव्वळ योगायोग यांपलीकडे बोट दाखविता येत नाही. ज्याला तंबाखूने ग्रासले, त्यालाही ती पुडी बहुधा अजाण वयातच कोणीतरी हातावर ठेवलेली असते. रोग्याला औषध आणि आधार द्यावा. जाब विचारायचा तो पुडी बनविणाऱ्याला, आणि ती दिसत असून न पाहणाऱ्याला.

त्या न पाहणाऱ्यांत आपणही आहोत. घरकामाला येणाऱ्या बाईच्या हातातील मिश्री आपण रोज पाहतो, कचेरीतील शिपायाच्या गालातील गोळा आपल्याला दिसतो, आणि 'त्यांचे ते चालायचेच' म्हणून आपण दुसरीकडे पाहतो. तोंडाचा कर्करोग हा तर आरशात दिसणारा रोग आहे. पांढरा वा लाल चट्टा उमटला, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण राहिला, तोंड कमी उघडू लागले, की डॉक्टरकडे धाव घ्यावी, एवढे जरी प्रत्येक सुशिक्षिताने आपल्या परिचयातील दहा माणसांना सांगितले तरी कित्येक जीव वाचतील. घरातील स्त्रियांची तपासणी 'सवड झाली की करू' या यादीतून काढून आजच्या कामांत घातली पाहिजे. तिने स्वतः कधी त्रासाचा उच्चार केला नाही, याचा अर्थ त्रास नाही असा नसतो.

सर्व कर्करोग टाळता येणार नाहीत, हे आम्ही जाणतो. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तीस ते पन्नास टक्के कर्करोग आज हाती असलेल्या ज्ञानाने टाळता येण्याजोगे आहेत. आपल्या देशाच्या आकड्यांना हे प्रमाण लावले, तर दरवर्षी निदान चार लाख माणसांचा हा प्रश्न ठरतो. खानोलकरांच्या पिढीने आपले काम १९५५ साली पुरे करून दिले. उरलेले काम सूक्ष्मदर्शकाचे नाही, शासनाचे व समाजाचे आहे. आणि ते करण्यास आणखी एखाद्या निबंधाची वाट पाहण्याचे कारण नाही.