आजोबांची ३१५ रायफल : गंज काढण्याआधी कागद तपासा

खानापूर, जोयडा, चंदगड, सत्तरी या पट्ट्यातल्या जुन्या घरांत माळ्यावर किंवा कपाटामागे एखादी ३१५ बोअरची रायफल आजही सापडते. डुकरं आणि गवे पिकात घुसतात म्हणून कुणी तरी परवाना काढलेला असतो. तो माणूस जातो, रायफल मात्र घरात राहते. मग कधी तरी मुलगा किंवा नातू ती खाली काढतो, फडक्यानं पुसतो आणि विचारतो, ‘ही दुरुस्त होईल का? किती येतील हिचे?’

दोन्ही प्रश्न त्याच्याआधीच्या एका प्रश्नावर अडतात. रायफल आज कुणाच्या नावावर आहे? परवानाधारक वारला की त्याचा परवाना वारसाला आपोआप लागू होत नाही. हत्यार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं, पावती घ्यायची आणि मग वारस म्हणून स्वतःच्या नावावर अर्ज करायचा, हा सरळ रस्ता. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसांसाठी वेगळी तरतूद आहे. परवानाधारक हयात असून त्याचं वय ७० झालं असेल, किंवा हत्यार त्याच्याकडे २५ वर्षं असेल, तरी ते वारसाकडे देण्यासाठी अर्ज करता येतो. घरातल्या म्हाताऱ्यांच्या हयातीतच हे केलेलं बरं. नंतर कागद गोळा करताना फेफे उडते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात आणि वारशानं आलेलं हत्यारही त्या दोनांतच धरलं जातं.

आता वस्तूकडे वळू. ३१५ ही गरिबाची रायफल म्हणावी अशी. ब्रिटिश अमलात ३०३ हे लष्करी काडतूस सामान्य माणसाला बंद होतं, कारण पलटणीतून चोरलेली काडतुसं खासगी बंदुकीत चालू नयेत हा सरकारचा हेतू. म्हणून ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ मिलिमीटर मानलिखर काडतुसावर बेतलेलं ३१५ इथं रुजलं. स्वातंत्र्यानंतर सरकारी कारखान्यानं ली-एनफिल्डच्याच बोल्ट यंत्रणेवर ही रायफल बनवली. दिसायला ओबडधोबड, पण यंत्रणा दणकट. विलायती शिकारी रायफलींशी तिची तुलना करण्यात अर्थ नाही.

हातात घेतल्यावर पहिलं काम म्हणजे मॅगझीन काढायचं, बोल्ट मागं ओढायचा आणि चेंबर डोळ्यांनी व बोटानं रिकामं असल्याची खात्री करायची. ‘वीस वर्षं कुणी हात लावलेला नाही’ यावर विश्वास ठेवू नये. बोल्ट बाहेर काढला की मागून नळीत उजेड दिसतो. आतले पिळाचे आटे स्वच्छ, कडा धारदार असतील तर उत्तम. काळे डाग आणि बारीक खड्डे जुन्या काडतुसांमुळे पडतात. त्यांच्या टोपीतल्या मसाल्याचे क्षार नळीत राहतात आणि पावसाळ्यातली दमट हवा ओढून घेतात. हे क्षार तेलानं निघत नाहीत, गरम पाण्यानंच धुतले जातात. थोडे खड्डे असले तरी रायफल बाद होत नाही. पण नळीत एखाद्या जागी गोल कड्यासारखी सावली दिसली तर तिथं नळी फुगलेली असण्याचा संभव असतो. अशी रायफल चालवायचीच नाही.

बोल्टवरचा आणि रायफलीच्या अंगावरचा नंबर जुळतो का, तेही पाहावं. बोल्टचं डोकं त्या-त्या रायफलीला बसवलेलं असतं. दुसरीकडचा बोल्ट आणून घातला तर काडतुसामागं जास्त फट राहू शकते आणि बार उडवताना काडतूस फुटून वायू तोंडावर येण्याचा धोका असतो. ही फट गेजनं मोजतात, अंदाजानं नाही.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र हौशी साफसफाईनं होतं. पॉलिश पेपर मारला की वरचा काळा मुलामा जातो, कोरलेले नंबर पुसट होतात आणि किंमत पडते. पुसट नंबरची रायफल पोलिसांपुढं ठेवणं किती अवघड, हे सांगायला नको. पातळ तेल लावून एक-दोन दिवस ठेवावं आणि मऊ फडक्यानं हळूहळू पुसावं. लाकडाला वार्निश नको, जवसाचं तेल पातळ हातानं चोळावं. तेलाचे बोळे गोळा करून टाकू नयेत, ते आपोआप पेट घेतात. दस्त्याचा लांब स्क्रू फिरवण्याची घाईही नको. ली-एनफिल्ड पद्धतीच्या अनेक रायफलींत पुढचं लाकूड आधी काढावं लागतं, नाही तर तेच चिरतं.

पुसणं, तेल देणं मालकानं करावं. त्यापुढची दुरुस्ती परवानाधारक बंदूक कारागिराकडेच. गावच्या लोहाराकडून चाप किंवा नळी दुरुस्त करून घेणं शस्त्र कायद्यात गंभीर गुन्हा आहे. विनापरवाना दुरुस्तीला किमान सात वर्षांची शिक्षा आहे. नळी आखूड करणं तर विसरूनच जावं.

किंमतीचं म्हणाल तर ती नळी, जुळणारे नंबर आणि चालू कागद यांवर ठरते, ‘आजोबांनी वाघ मारला होता’ यावर नाही. गिऱ्हाइकाकडे त्याच बोअरचा परवाना हवा. खासगीत विकायची तर गिऱ्हाइकाच्या नावपत्त्यासह जिल्हाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं.

दुरुस्त झाली म्हणून रानात नेता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे आणि पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. त्यासाठी वन खात्याचा वेगळा हुकूम लागतो. निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली रायफल परत आली की लगेच पुसून तेल द्यावं. आणि ती कातडी म्यानात कधीच ठेवू नये. कातडं ओल धरतं, एका पावसाळ्यात नळीवर तांबूस थर चढतो.