विनाइल कटर आणि कोरडी हवा

दुकानांच्या पाट्यांची अक्षरे कापणारे विनाइल कटर भायखळ्याच्या एखाद्या गाळ्यात मध्येच थांबले, किंवा संगणकाशी त्याचा संबंध अकस्मात तुटला, तर पात्याला कसूरवार ठरविण्यापूर्वी स्थितिक विद्युतेची शहानिशा करावी. कारण गुंडाळी उलगडताना थर विलग होऊन व रुळांवर घासून विनाइलवर साचलेला विद्युत्भार यंत्राकडे झेप घेतो आणि त्यातील नाजूक मंडलांचे कार्य विस्कळीत करतो. पावसाळ्यात हा उपद्रव विरळा. जानेवारीच्या कोरड्या वाऱ्यांत आणि वातानुकूलित खोलीत मात्र तो बळावतो. याच परिसरातील कापडगिरण्यांत सूत तुटू नये, तंतू भाराने विस्कटू नयेत, म्हणून खात्यांतील हवा बुद्धिपुरस्सर दमट राखीत, हे येथे आवर्जून स्मरावे.

खोलीची सापेक्ष आर्द्रता ४० ते ६० टक्के असावी. लागेल तेवढे विनाइल आधीच सैल उलगडून ठेवावे. सर्वांत महत्त्वाची तजवीज अर्थिंगची: जुन्या इमारतींत तीन छिद्रांच्या सॉकेटमागे अर्थिंगची तार कित्येकदा जोडलेलीच नसते, म्हणून परवानाधारक वायरमनकडून ती तपासून घ्यावी आणि यंत्राचा धातूचा सांगाडा तिला जोडवून घ्यावा. यूएसबीची तार आखूड, विजेच्या तारेपासून दूर असावी.