इंजिन चाललं सुट्टीवर!

थंड देशांत बोटीचं इंजिन हिवाळ्यासाठी झोपवतात, आपल्या कोकणात पावसाळ्यासाठी. हे काम मेकॅनिकच्या गळ्यात न मारता स्वतः करायचं ठरवलं, तर काय होतं? हात काळे होतात. आणि कधी कधी मोठा धोका टळतो.

मिशिगनला राहणारी माझी कॉलेजातली मैत्रीण दर ऑक्टोबरमध्ये न चुकता एक फोटो पाठवते. घराच्या ड्राइव्हवेवर ट्रेलर, ट्रेलरवर बोट, बोटीच्या मागून गळणारं गुलाबी पाणी आणि बाजूला तिचा नवरा, विजयी मुद्रेने. पहिल्यांदा मला वाटलं, रूह अफ्जा सांडलंय.

ते अँटिफ्रीझ असतं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. तिथल्या बोटवाल्यांना ते विसरून चालत नाही. इंजिनाच्या पोटात वाटीभर पाणी राहिलं, तरी जानेवारीत त्याचा बर्फ होतो आणि लोखंडी ब्लॉकला तडा जातो. म्हणून थंडीआधी पाणी काढायचं, अँटिफ्रीझ भरायचं, तेल बदलायचं, पेट्रोलची सोय लावायची. या सगळ्या सोहळ्याला ते ‘विंटरायझिंग’ म्हणतात. तलावच गोठणाऱ्या देशात बोटीला दुसरा इलाज काय? बाहेर टांगायचं आउटबोर्ड इंजिन घराघरांत पोचवणारा ओले एव्हिनरुड तरी कुठला? मिलवॉकीचा. १९०९च्या सुमारास तो ही इंजिनं विकायला लागला. म्हणजे या यंत्राची घडणच थंडीतली.

‘आपल्याला काय त्याचं?’ असं मीही म्हणत होते. मग गेल्या मे महिन्यात मामाचा फोन आला.

मामा, खांदा आणि पाच आकडी बिल

माझा मामा देवबागला राहतो. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये नारळाच्या झाडांची चिंचोळी पट्टी. तुमच्यातले निम्मे लोक लाँग वीकएंडला तिथे जाऊन आले असतील. तुम्हाला डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या होड्यांमधली एक मामाची. मागे टांगलेलं ४० हॉर्सपॉवरचं, तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन. घर त्यावर चालतं, होडीचा हप्ताही त्यावरच जातो.

मेअखेर पर्यटनाच्या होड्या बंद होतात. मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलै बंदी असते. होड्या वर ओढून शाकारल्या जातात आणि इंजिनं पडवीत येतात. गेल्या वर्षी मामाने इंजिन तसंच आणून ठेवलं. पावसाळा संपला, सप्टेंबरात दोरी ओढली, तर इंजिन ढिम्म. कार्ब्युरेटर चिकटलेला, एक सिलिंडर गंजलेला. मेकॅनिकने आज-उद्या करत तीन आठवडे घालवले. बिल पाच आकडी झालं ते वेगळंच, पण सुरुवातीचा सीझनच हातचा गेला.

यंदा मामाचा उजवा खांदा धरलेला. हात कानाच्या वर जात नाही. पुण्यात आयटीत असलेला मामेभाऊ म्हणाला, ‘बाबा, देऊन टाका ना मेकॅनिकला.’ मामा म्हणाला, ‘गेल्या वर्षी दिलेला.’ आता फ्रीलान्सर माणसाचा एक फायदा असतो, रजा मागावी लागत नाही. मी कोकणकन्या पकडली.

‘काय गो, इलंस? आणि इंजिन कोण खोलतला?’ मामा.

‘मी!’

मामी आतून ओरडली, ‘आधी चाय घे, मगे इंजिन!’

गोड्या पाण्याची आंघोळ

मी निघायच्या आधी दोन गोष्टी केल्या होत्या. इंजिनाच्या मॅन्युअलमधलं शेवटचं, कुणीच न वाचणारं प्रकरण वाचलं, म्हणजे ‘दीर्घकाळ साठवण’. आणि ऑनलाइन एक फॉगिंग ऑइलचा स्प्रे मागवला. मिशिगनच्या मैत्रिणीची यादी आणि हे प्रकरण शेजारी ठेवलं, तर नव्वद टक्के कामं तीच. फक्त शत्रू वेगळा. तिथे बर्फ, इथे मीठ आणि ओल.

आउटबोर्डचं बरं असतं. ते उभं ठेवलं की आतलं पाणी आपोआप गळून जातं, त्यामुळे अँटिफ्रीझची भानगड नाही. पण हे इंजिन थंड राहण्यासाठी वर्षभर समुद्राचंच पाणी पितं. ते पाणी गळतं, मीठ आतच राहतं.

वाडीतल्या चार मुलांनी सत्तर किलोच्या वरचं ते धूड उचलून अंगणातल्या लाकडी घोडीवर चढवलं. खाली विहिरीच्या पाण्याने भरलेलं मोठं पिंप. पिंपात प्रोपेलर फिरला तर पाणी आणि बोटं दोन्ही उडतील, म्हणून तो आधी काढायचा. पिन काढली, नट सोडवला, प्रोपेलर ओढला. मागे दांड्याला काहीतरी हिरवट गुंडाळलेलं होतं. तंगूस! कुणाच्या तरी गळाची नायलॉन दोरी. इतकी घट्ट की ब्लेडने कापून काढावी लागली.

मला गंमत वाटली. मामाला वाटली नाही. तो नुसतं ‘हं’ म्हणाला.

मग आंघोळ. पिंपातलं पाणी इंजिनाच्या पाणी ओढणाऱ्या जाळ्यांच्या चांगलं वर हवं. कारण आतल्या पंपाचं चाक रबराचं असतं आणि कोरडं फिरलं तर बघता बघता जळतं. दोरी ओढली. एकदा, दोनदा... पाचव्यांदा इंजिन खोकलं आणि सुरू झालं. मागच्या छोट्या भोकातून पाण्याची बारीक धार उडायला लागली. धार येतेय म्हणजे पंप ठीक. न्यूट्रलमध्ये, सावकाश, दहा-पंधरा मिनिटं. गरम झाल्यावर थर्मोस्टॅट उघडतो आणि गोडं पाणी कानाकोपऱ्यात पोचतं. ‘घाई करू नको,’ मामा खुर्चीवरून म्हणाला. ‘दर्याचा मीठ आतसून बाहेर येवक व्हया.’

(हे अंगणातच करा. गॅरेज-पडवीत नको. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही.)

पेट्रोलचा नवा फंडा

आता पेट्रोल. आपल्या देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं लक्ष्य २०२५मध्ये गाठलं. रोज चालणाऱ्या बाइकमध्ये ते पेट्रोल जळून जातं. पण कोकणातल्या पावसाळ्यात तीन महिने टाकीत पडून राहिलं, तर? इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. एका मर्यादेपलीकडे इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी बसतात. इंजिन पेट्रोल ओढतं तेही तळातूनच. टू-स्ट्रोकमध्ये तर आणखी वाईट. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल वरच्या थरात राहतं आणि खाली उरतो तो बिनतेलाचा थर.

म्हणून मामाने शेवटच्या आठवड्यात पेट्रोल मोजूनमापूनच भरलं होतं. टाकी जवळजवळ रिकामी. इंजिन पिंपात चालू असतानाच पेट्रोलची नळी काढली आणि इंजिन दम तोडायला लागल्यावर कार्ब्युरेटरच्या तोंडात फॉगिंग ऑइल मारलं. काय तो धूर! शेजारच्या काकू खिडक्या लावायला धावल्या. पांढऱ्या ढगात इंजिन दोनदा शिंकलं आणि बंद पडलं. आत सगळीकडे तेलाचा पातळ थर बसला असं समजायचं. मग कार्ब्युरेटरच्या वाट्यांचे तळातले स्क्रू सोडवून उरलेलं थेंबभर पेट्रोलही काढून टाकलं. वाळून चिकट होतं ते हेच, गेल्या वर्षीचा व्हिलन.

नंतर तिन्ही स्पार्क प्लग बाहेर. प्रत्येक भोकात थोडं तेल. सेफ्टी दोरीची क्लिप काढून ठेवायची, म्हणजे ठिणगी पडणार नाही. मग स्टार्टरची दोरी हळूहळू चार-पाचदा ओढायची, म्हणजे तेल सिलिंडरभर पसरतं. प्लग परत जागेवर.

मी सॉलिड खूश. नखं काळी, टी-शर्टचं पोतेरं आणि डोक्यात ‘हे तर आपल्याला जमतंय!’

चहा कुठून आला?

राहिलं होतं खालच्या गिअरबॉक्सचं तेल. मॅन्युअलप्रमाणे पाच मिनिटांचं काम. एक स्क्रू खाली, एक वर. आधी खालचा काढायचा, मग वरचा, तेल आपोआप उतरतं. चांगलं तेल मधासारखं किंवा काळपट असतं. मी खालचा स्क्रू काढला. आधी थोडं चक्क पाणी आलं. मग जे आलं ते दुधाळ, फिकट तपकिरी, अगदी मामीच्या चहासारखं.

मामा खुर्चीवरून उठला. वाकून बोटावर घेतलं, चोळलं.

‘ही चाय खंयसून इली?’ तो म्हणाला. पण हसत नव्हता.

चहा आला होता त्या तंगुसातून. प्रोपेलरच्या दांड्याभोवती रबरी सील असते, आत तेल आणि बाहेर समुद्र यांच्यामधली तेवढीच भिंत. गुंडाळलेली नायलॉन दोरी फिरता फिरता ती सील कापते. मग एकेक थेंब करून समुद्र आत येतो. मिशिगनमध्ये हेच पाणी हिवाळ्यात गोठून गिअरबॉक्सचं कवच फोडतं. इथे ते शांतपणे बेअरिंग गंजवत बसलं असतं. जून, जुलै, ऑगस्ट. आणि सप्टेंबरात इंजिन मस्त सुरूही झालं असतं, कारण वरचा भाग तर आम्ही चकाचक केला होता. मग एखाद्या दिवशी, बहुतेक दिवाळीच्या गर्दीत, होडीत माणसं असताना, कर्लीच्या मुखाशी ओहोटीच्या ओढीत गिअरबॉक्स जाम झाला असता.

मामाने तेवढंच म्हटलं, ‘ह्यां दर्यात गावला असता तर?’

आम्ही दोघं थोडा वेळ गप्प बसलो. मामीने खरा चहा आणला. तो प्यायला जरा वेळ लागला.

‘स्वतः करणं’ कुठे थांबतं?

माझ्या अंगात तोवर मेकॅनिक संचारला होता. सील बदलायचा व्हिडिओ शोधला आणि म्हटलं, ‘मामा, करूया!’ मामा नको म्हणाला, आणि बरोबर म्हणाला. सील काढायला खास पुलर लागतो. नवी बसवल्यावर हवेचा दाब देऊन गळती तपासावी लागते. अंदाजे बसवलेली सील म्हणजे नसलेली सील. सोमवारी गिअरबॉक्स मालवणात दुसऱ्या मेकॅनिककडे गेला. मी तिकीट पुढे ढकललं आणि त्याच्या डोक्यावर उभी राहून काम बघितलं. गेल्या वर्षी मामाने इंजिन दिलं तेव्हा ‘चालत नाही’ एवढंच सांगता आलं होतं. या वेळी आम्ही सांगितलं, ‘सील गेलीय, तेलात पाणी आहे, बेअरिंग बघा.’ एका दिवसात काम झालं. बेअरिंग वाचले होते.

आपण शहरातले लोक सगळं आउटसोर्स करतो. बाइक सर्व्हिसिंगला, एसी सर्व्हिसिंगला. बिल येतं, आपण भरतो, आत काय झालं ते कळत नाही. मला त्या दोन दिवसांत कळलं ते एवढंच, की स्वतः करण्यात पैसे वाचतात ते बोनस. खरा फायदा म्हणजे आपण आत डोकावतो. आपण अंगणात शोधलेला बिघाड आपल्याला भर समुद्रात शोधत येत नाही.

गिअरबॉक्स परत आला. नवं तेल भरलं, खालच्या भोकातून वर, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, म्हणजे हवा अडकत नाही. आधी वरचा स्क्रू, मग खालचा, दोन्हींना नवे वॉशर. प्रोपेलरच्या दांड्याला मरीन ग्रीस. झिजून अर्धा झालेला जस्ताचा तुकडा बदलला. इंजिनाच्या वाटचं गंजणं तो बिचारा स्वतःवर घेतो, म्हणून त्याला रंग मात्र कधी लावायचा नाही.

शेवटी इंजिन पडवीत, घोडीवर, उभंच. मी प्लॅस्टिक आणायला निघाले तर मामीने अडवलं. प्लॅस्टिकच्या आत घाम धरतो. तिने कपाटातून एक जुनी सुती साडी काढली आणि इंजिनाला पांघरली. हवा खेळते, धूळ बसत नाही. वायरी कुरतडणाऱ्या उंदरांसाठी बाजूला पिंजरा.

मामाने डाव्या हाताने साडीचा पदर नीट केला. म्हणाला, ‘आता निजांदे तेका.’

सीझन उघडताना मी परत जाणार आहे. पहिली दोरी मीच ओढणार, असं ठरलंय.

झोपवण्याआधी, थोडक्यात

१. प्रोपेलर काढा, मागे तंगूस आहे का बघा.
२. गोड्या पाण्यात, न्यूट्रलमध्ये, दहा-पंधरा मिनिटं चालवा. कोरडं कधीच नाही.
३. टाकी रिकामी, कार्ब्युरेटरच्या वाट्या रिकाम्या.
४. फॉगिंग ऑइल आधी कार्ब्युरेटरमधून, मग प्लगच्या भोकांतून.
५. गिअरबॉक्सचं तेल बदला. दुधाळ दिसलं तर थांबा आणि जाणकाराला गाठा.
६. ग्रीस लावा, जस्ताचा तुकडा तपासा.
७. इंजिन उभं ठेवा, सुती कापडाखाली, हवेशीर जागी.