देठ राखला तर आंबा टिकतो

वरून डागही नसलेला हापूस पेटीत पिकता पिकता काळ्या ठिपक्यांनी भरतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा पेटीचा नसतो. रोग बागेतूनच आलेला असतो. करप्याची बुरशी, कोलेटोट्रिकम, दमट हवेत मोहरावर आणि कोवळ्या फळावर रुजते, सालीत शिरते आणि तिथेच दबा धरून बसते. फळ पिकू लागलं की ती पसरते.

कैरीत ती का वाढत नाही?

कारण कैरीची साल आणि चीक यांत रिसॉर्सिनॉल गटातली संयुगं असतात. चीक ओठाला लागला की फोड येतात, तेही यांच्यामुळेच. काजू आणि बिब्बा आंब्याच्याच कुळातले. त्यांच्या टरफलातलं तेलही असंच अंगावर उठतं. हीच द्रव्यं बुरशीला वाढू देत नाहीत. सोबत सालीत गॅलोटॅनिन असतात आणि चिकात कायटिनेज नावाची विकरं, जी बुरशीच्या पेशीभित्तिकेवरच घाव घालतात. फळ पिकतं तसा हा साठा ओसरतो आणि बुरशीला रान मोकळं मिळतं.

इस्रायल, श्रीलंका आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे बारकाईने तपासलं आहे. त्याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे: चीक फळातच राहायला हवा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘नूतन झेला’ या आंबेकाढणीच्या अवजाराने आंबा देठासकट काढता येतो. देठ मुळापासून तुटला, तर चीक सालीवर ओघळून डाग पाडतो आणि उघड्या पडलेल्या जागेतून देठकुजीला वाट मिळते.

फळाचा स्वतःचा साठा संपल्यावर दुसऱ्या वनस्पतीची मदत घेता येते. दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड, लवंगेतलं युजेनॉल आणि ओव्यातलं थायमॉल बुरशीच्या पेशींचं आवरण खिळखिळं करतात. केळीच्या फण्या घडापासून कापल्या की कापलेली जागा कुजू लागते. श्रीलंकेत अशा कुजीच्या बुरशींवर दालचिनी आणि लवंगेची तेलं प्रभावी ठरली. निर्यातीसाठी फण्या कापणाऱ्या जळगावलाही ही कूज नवी नाही.

अडचणी खऱ्या आहेत. मात्रा वाढली तर साल भाजते, फळाला मसाल्याचा वास लागतो आणि तेल लवकर उडून जातं. म्हणून ते मेणात किंवा कायटोसानच्या लेपात मिसळण्याचे प्रयोग चालू आहेत. लेपातून तेल हळूहळू सुटतं आणि थोडक्यात काम भागतं.

बागायतदाराला तोवर थांबायचं कारण नाही. आंबा देठ ठेवून काढणं, तो न आपटता क्रेटमध्ये ठेवणं आणि साधारण ५२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात काही मिनिटं बुडवून सुकवणं, एवढं आजच करता येतं.