शेंगदाणा उजवीकडेच का जातो?

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बंगळूरमधल्या बसवनगुडीच्या मोठ्या नंदीपाशी कडलेकाई परिषे, म्हणजे शेंगांची जत्रा भरते. बुल टेंपल रोडच्या कडेला शेंगांचे ढीगच ढीग. कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या. जे. पी. नगरहून हे अंतर काही किलोमीटरचंच, त्यामुळे तिथली मराठी घरंही पिशव्या भरून शेंगा आणतात. मग पोहे, खिचडी, चिक्की चालूच.

दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या हाती मात्र तो दाणा लागू नये. दाढा पुरत्या आलेल्या नसतात, तोंडात दाणा आणि पायांत पळापळ. हसता हसता श्वास आत ओढला की दाणा अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत. उजवी शाखा डावीपेक्षा रुंद आणि सरळ उतरती, म्हणून बहुधा तिकडेच.

जोराचा ठसका लागतो, आणि थोड्या वेळाने सगळं शांत होतं. फसगत इथेच होते. दाण्यातल्या तेलाने आतलं अस्तर सुजतं, एका बाजूला घरघर सुरू होते आणि दम्याची औषधं चालू होतात. एक्स-रेत दाणा दिसत नाही. फार तर एका फुप्फुसात हवा कोंडलेली दिसते. म्हणूनच ‘परवा शेंगदाणे खाताना ठसका लागला होता’ हे आईचं वाक्य फिल्मपेक्षा मोलाचं.

मग दाणा काढायला श्वासनलिकेत दुर्बीण. 1897 साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गला गुस्ताव किलियान यांनी एका शेतकऱ्याच्या उजव्या श्वासनलिकेतून डुकराच्या हाडाचा तुकडा काढला, तो कोकेनने घसा बधिर करून, धातूच्या सरळ नळीतून. 1966 मध्ये जपानच्या शिगेतो इकेदांनी काचतंतूंची लवचीक दुर्बीण जगापुढे आणली. आज मोठ्या माणसांत तीच नाकातून उतरते. सलाईनने फुप्फुसाचा कोपरा धुऊन ते पाणी क्षयाच्या तपासणीला पाठवता येतं, गाठीचा तुकडाही घेता येतो.

लहान मुलाच्या दाण्यासाठी मात्र किलियानच्या वंशातली ताठ नळीच बहुतेकांच्या पसंतीची. पूर्ण भूल देतात, त्याच नळीतून प्राणवायू चालू ठेवतात आणि तिच्यातूनच लांब चिमटा आत सरकवतात. भिजून मऊ झालेला दाणा जोरात दाबला तर फुटतो, म्हणून पकड हलकी लागते. दाणा निघाला तरी काम संपत नाही. नळी पुन्हा आत घालून दोन्ही बाजू पाहतात, कारण एखादी फाक कुठे राहिलेली असू शकते.