धुराड्यातून पळणारी उष्णता पकडा!

सायकलच्या चाकात पंपाने हवा भरून झाली, की लगेच पंपाच्या खालच्या टोकाला हात लावून बघ. अरेच्चा, गरम! विस्तव नाही, ऊन नाही, तरी गरम! हवा झटकन दाबली की ती तापतेच.

डिझेल इंजिनात हीच गंमत चालते. तिथे हवा इतकी दाबतात, की तिच्यात डिझेलचा फवारा सोडताच भडका! काडी नको, ठिणगीही नको!

रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये असं इंजिन चालवून दाखवलं. इंधनातली सुमारे २६ टक्के उष्णता कामाला लागली. उरलेली? धुरातून आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातून गेली निघून! तरी सगळे चकित झाले. वाफेच्या इंजिनांना तेवढंही जमत नव्हतं ना!

आता चल, जहाजावर! ‘एम्मा मर्स्क’ हे जहाज २००६ साली डेन्मार्कमध्ये तयार झालं. त्याचं इंजिन चार मजली इमारतीएवढं उंच! वजन सुमारे २३०० टन! सिलिंडर, म्हणजे हवा दाबायची नळकांडी, १४. प्रत्येकातला पिस्टन, म्हणजे हवा दाबणारा दट्ट्या, जवळजवळ एक मीटर रुंद, आणि तो अडीच मीटर खालीवर होतो. म्हणजे तुमच्या घराच्या दारापेक्षाही जास्त!

मग हे इंजिन किती जोरात फिरत असेल? ओळख पाहू! सेकंदाला दोन फेऱ्यासुद्धा नाहीत. आणि इंधनातली जवळजवळ निम्मी उष्णता ते कामाला लावतं!

कसं काय? एक म्हणजे, अचूक वेळ. घरात फोडणी होताना बघितलंयस ना? तेल तापण्याआधी मोहरी टाकली तर ती तडतडत नाही. जास्त तापल्यावर टाकली तर करपते. डिझेलच्या फवाऱ्याचंही तसंच! घाई झाली तर वर येणाऱ्या पिस्टनला उलटा दणका बसतो. उशीर झाला तर उष्णता धुरातून वाया जाते. जुन्या इंजिनांत ही वेळ लोखंडी दांड्यावरचे उंचवटे ठरवत. लोखंडच ते, आयत्या वेळी बदलणार कसं? एम्माच्या इंजिनात ते काम कॉम्प्युटर करतो. फवारा कधी सोडायचा, किती सोडायचा, सगळं तोच ठरवतो!

आणि धूर? त्याला फुकट जाऊ देतील तर शपथ! घाट चढणाऱ्या ट्रकमधून ‘सुंऽऽऽ’ अशी शीळ ऐकलीयस? तो टर्बो! बाहेर पडणारा धूर एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र इंजिनात जास्त हवा कोंबतं. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली याचं पेटंट घेतलं. मला तर ही युक्ती भलतीच आवडते!

एम्मावर टर्बो आहेतच. पण त्यातून निघालेला धूरही चांगलाच गरम असतो! मग त्याच्यावर पाणी उकळून वाफ करतात. वाफ टर्बाइन, म्हणजे पात्यांचं चक्र, फिरवते, टर्बाइन वीज बनवतं. इंजिनाच्या ताकदीच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी! त्यासाठी जास्तीचं इंधन? थेंबभरही नाही!

अजून एक मज्जा! इंजिन थंड करून आलेलं पाणीही खूप गरम असतं. पुष्कळ जहाजांवर त्याच्या उष्णतेने समुद्राचं पाणी उकळतात. भांड्यातली बरीचशी हवा आधी काढून टाकतात, म्हणून ते पाणी ५० अंशांच्या आसपासच उकळायला लागतं! मीठ खाली राहतं, वाफ थंड केली की गोडं पाणी. तेच मग खलाशी अंघोळीला वापरतात, आणि शुद्ध करून पितातसुद्धा!