मोटारीचा क्रमांक आणि मताचे मोल

ब्रिटनमध्ये मोटारमालकाला आपले नाव-पत्ता स्वान्सीच्या सरकारी नोंदणी-कचेरीत नोंदवावाच लागतो. आता मौज पाहा. खाजगी वाहनतळावर मोटार नियमापेक्षा जास्त वेळ राहिली, की तळाची कंपनी अडीच पौंड भरून तोच पत्ता मिळवते आणि मालकाला दंडाची चिठ्ठी धाडते. २०१२ च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये खाजगी जागेत चाकाला कुलूप ठोकणे बंद केले खरे. पण चालक कोण ते कळले नाही, तर मालकाकडून वसुली करण्याची वाटही त्यानेच उघडली. सरकार म्हणते, ही विक्री नव्हे, खर्चाची भरपाई! दूध फुकट, चरवीचे भाडे तेवढे द्या, म्हणावे तसे हे.

मतदार हे का चालू देतात? गाऱ्हाणे देशभर विखुरलेले. आणि तिथेही आपल्यासारखाच, मतदारसंघात सर्वांत जास्त मते घेणारा एकटा निवडून येतो. विखुरलेल्या मतांना जागा मिळत नाही. २०१५ साली युकिप पक्षाला शेकडा १२.६ मते पडली, ६५० पैकी जागा एक. प्रमाणाने ऐंशीच्या वर झाल्या असत्या. २०११ च्या सार्वमतात पसंतीक्रमाची पद्धत शेकडा ६८ मतांनी फेटाळली गेली. अर्थात, तीही प्रमाणशीर नव्हतीच.